कोरी पावती

भत्ता म्हटलं की मला अजून
सिन्नरच्या बाजारातला भत्ताच आठवतो :
मुरमुरे, तळलेली मिरची, पुडीच्या कागदाला फुटलेलं तेल.
इथे ठाण्यात, पाचपाखाडीच्या आमच्या गल्लीत,
भत्ता म्हणजे सभेला बसल्याबद्दलचे पैसे.
बसल्याबद्दल.
मी सकाळी नऊपासून मशीनपाशी उभी आहे.

केणीकाका माहिती अधिकाराचं बाड घेऊन आले.
दोनशे बारा पानं, सहा प्रती,
सोमवारच्या मोर्च्यात वाटायला.
वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यापासून
काका दर महिन्याला सरकारकडे काहीतरी मागतात.
कागदच मागतात. पैसे कधी मागितले नाहीत.

हिरवा उजेड पानापानावरून सरकू लागला.
विषय : घनकचरा व्यवस्थापनाचा अभ्यास दौरा.
मुक्काम समुद्रकाठी, सहा रात्री.
सदस्य चौतीस, सहायक अकरा,
सहायकांची आडनावं सदस्यांचीच.
शहाळी, रुपये नऊ हजार.
फेटे, नग अठ्ठेचाळीस.
"कचरा बघायला फेटे बांधून गेले?"
रिक्षावाला शकूर म्हणाला, आणि सगळे हसले,
मग हसू कुठंतरी मध्येच तुटलं,
कारण त्याच्या चाळीत चार दिवस घंटागाडी आली नव्हती.

अंगणवाडीच्या मंदाकिनीबाई हजेरीपत्रक घेऊन रांगेत होत्या.
चष्मा वर करून त्यांनी मोठ्यानं वाचलं :
मानधनवाढीचा ठराव. चर्चेविना. एकमताने मंजूर.
"आमच्या पैशालाही मानधनच म्हणतात की हो,"
त्या म्हणाल्या, अगदी सावकाश,
मुलांना अक्षर ओळखायला लावावं तशा.
तोच शब्द.
बाईंकडे येईतो त्यातलं धन गळून जातं,
मानाचं काय होतं ते मला माहीत नाही.

मग जो तो बोलायला लागला.
मीही बोलले, चांगलं तोंड सोडून बोलले.
माझ्या आईच्या ठेवणीतल्या दोन शिव्या
इतक्या वर्षांनी कामी आल्या.

पान एकशे सत्तेचाळीस.
झेरॉक्स व लॅमिनेशन, रुपये अठरा हजार सहाशे.
खाली शिक्का, तिरका. मूळचा जांभळा असणार,
इथे काळा दिसत होता.
श्री रणुका झेरॉक्स.
'रे'वरची मात्रा दोन वर्षांपूर्वी उंदरानं कुरतडली.
पाचपाखाडीत दुसऱ्या कुणाचा असा शिक्का नाही.

आठवलं. दिवाळीआधी साहेबांचा पोरगा आला होता,
पोरगा म्हणजे त्यांच्या ऑफिसातला, चहा आणणारा.
चाळीस प्रती, ऐंशी रुपये.
"ताई, पावती कोरीच द्या, आकडा आम्ही टाकतो.
वीस राहू द्या तुम्हाला."
मी मान वर न करता फाडून दिली.
सगळेच देतात.
पंपवाला देतो, लॉजवाला देतो,
फेटेवाल्यानंही दिली असेल.
त्या विसांचा मी चहा प्यायले असेन, बहुतेक दोनदा.

झाकण उघडं. मागे रांग.
पान अडकलं म्हणता आलं असतं,
हे मशीन रोज एखादं पान खातंच.
पण काका अंगठा ओला करून एकूण एक पान मोजतात,
आणि तसंही.
मी ठसठशीत छपाईची कळ दाबली.
सहा वेळा माझा शिक्का बाहेर आला, गरम.

"किती झाले?"
"घाऊक म्हणून रुपया पान. बाराशे बहात्तर."
"पावती दे हो."
मी आकडा लिहिला. अक्षरी लिहिला.
फक्त लिहिलं.
मग उरलेल्या कोऱ्या जागेवर
या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली,
पुन्हा एक ओढली.
काका हसले, "माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही होय?"
त्यांनी ते पान पाहिलं होतं की नाही,
चेहऱ्यावरून कळेना.

मी शिक्का शाईवर दाबला, जोर लावून.
मात्रा याही वेळी उठली नाही.